साडेपाचशे काडतुसं

साल २००४, सप्टेंबरचा दुसरा आठवडा. प्रतिमाबाई मागच्या डेकवर बसून गवारीच्या शिरा काढत होत्या. शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत नरेंद्रराव समोरच्या झाडीकडे पाहत बसले होते. त्यांचा उजवा हात मांडीवर होता, कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. झाडीपलीकडून थांबून थांबून आवाज येत होते. फट्. मग बराच वेळ काही नाही. फट्. कधीकधी त्यामागून, क्षणभर उशिरा, भांड्याला नख लागावं तसा बारीक टण्.

चौथ्या आवाजाला नरेंद्ररावांनी डाव्या हाताचं बोट वर केलं.

"हलकी," ते म्हणाले.

प्रतिमाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. नऊ दिवसांत त्यांच्या तोंडून हा पहिला शब्द आला होता. बोलता येत नव्हतं असं नाही. मेअखेरीस झटका आला तेव्हा जीभ जड झाली होती, पण ऑगस्टपर्यंत ती सैल झाली. बोलावंसं वाटणं मात्र परत आलं नव्हतं.

"काय हलकी?" त्यांनी अगदी जपून विचारलं.

"गोळी. दारू कमी भरलीय." एवढं बोलून ते पुन्हा झाडीकडे पाहू लागले.

पुण्याजवळच्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात नरेंद्ररावांनी चौतीस वर्षं तपासणी केली होती. काडतूस बोटांत धरायचं, फिरवायचं, मापायचं. बरं असेल तर डावीकडे, नसेल तर उजवीकडे. घरी आले तरी ज्वारी निवडायला बसत, तेव्हा प्रतिमाबाई म्हणायच्या, "अहो, खडे काढा, सगळी ज्वारी रिजेक्ट करू नका." निवृत्तीनंतर मुलाने, श्रीरामने, दोघांना ग्रीन कार्डावर अमेरिकेत, अल्फारेटाला आणलं. शहराच्या उत्तर टोकाला, जिथे एकसारखी घरं संपून घोड्यांची कुरणं सुरू होतात, तिथे त्याचं घर होतं. दीड वर्ष बरं गेलं, आणि मग हे.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पहिले सहा महिने महत्त्वाचे. तेवढ्यात हात वापरला तर बराचसा परत येईल. मांडीवर ठेवला तर मांडीवरच राहील. सहातले साडेतीन गेले होते. सून विनीता आठवड्यातून दोनदा ऑफिसमधून लवकर निघून त्यांना थेरपीला ड्राइव्ह करून नेत असे. तिथल्या मुलीने दाबायला पिवळा रबरी चेंडू दिला होता. नरेंद्ररावांनी तो खिडकीत ठेवून दिला. "मी काय बाळ आहे?" एवढंच त्या चेंडूवर त्यांचं म्हणणं.

आवाज थांबल्यावर प्रतिमाबाई उठल्या. स्वयंपाकघरातून बेसनाच्या लाडवांचा डबा घेतला, पायांत स्नीकर्स चढवले आणि झाडीतून पलीकडे चालत गेल्या. इतक्या वर्षांनी आठवताना त्यांना स्वतःचंच नवल वाटतं. त्या देशात कुणाच्या जमिनीवर न विचारता पाऊल ठेवू नये, हे विनीताने पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

पलीकडे मोकळं कुरण होतं. एका टोकाला लाल मातीचा उंच बांध, त्याच्यासमोर साखळीला टांगलेली नांगराची जुनी लोखंडी तबकडी. दुसऱ्या टोकाला, चांगल्या शंभर यार्डांवर, उलट्या बादलीवर एक उंच म्हातारा खांबाला टेकून बसला होता. दोन्ही मनगटं गुडघ्यावर टेकलेली, हातात एक छोटं रिव्हॉल्व्हर. त्याने त्यांना पाहिलं, रिव्हॉल्व्हरचं चक्र रिकामं केलं, ते खाली ठेवलं आणि टोपी काढली.

प्रतिमाबाईंनी एकेकाळी शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. वाक्य त्यांनी झाडीतच जुळवून ठेवलं होतं.

"माझे यजमान म्हणतात, तुमची चौथी गोळी हलकी होती."

म्हातारा बादलीवरून उठला.

"त्यांनी पाहिलं?"

"नाही. ऐकलं."

"चौथी सहा फूट आधीच मातीत गेली," तो सावकाश म्हणाला. "मला वाटलं माझे हात म्हातारे झाले."

त्याचं नाव वेंडेल प्रूइट. कापडगिरणीत माग दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. दोन वर्षांपूर्वी बायको, लोरीन, गेली. तेव्हापासून दुपारी तो त्या तबकडीशी खेळत बसे. रिव्हॉल्व्हर अगदी साधं, मुलांच्या सायकलीहून स्वस्त. दहा पावलांवरचे डबे पाडण्यासाठी केलेलं. त्याने शंभर यार्डांवर मारायचं म्हणजे तबकडीवर नेम धरून चालत नाही. गोळी वाटेत हातभर खाली येते. म्हणून तबकडीच्या वर, बांधातून बाहेर आलेल्या एका मुळावर नेम धरायचा. "जे हत्यार ज्या कामाचं नाही," तो म्हणाला, "त्याच्याकडून ते काम करून घेण्यात मजा आहे. पण गोळ्या स्वस्त घेतो मी. साडेपाचशे नगांचं खोकं. प्रत्येक गोळीचा स्वभाव वेगळा."

लाडू खात कारखान्याची हकिकत ऐकून त्याने पन्नासेक काडतुसं एका कॉफीच्या डब्यात घालून दिली. "तुमच्या इन्स्पेक्टरांना दाखवा."

संध्याकाळी विनीता घरी आली तेव्हा डेकवरच्या टेबलावर ती काडतुसं वर्तमानपत्रावर मांडलेली होती.

"आई, एक मिनिट. ज्याच्या हातात गन आहे अशा माणसाकडे तुम्ही एकट्या चालत गेलात? तुमच्या हातात काय होतं?"

"लाडू."

"लाडू," विनीताने नुसतंच म्हणून पाहिलं. मग तिची नजर सासऱ्यांकडे गेली. ते एक काडतूस डोळ्यांसमोर धरून त्याच्या बुडाची कड पाहत होते. मान किंचित वाकडी, ओठ आवळलेले. विनीताने पर्स खाली ठेवली.

"बाबा, काय बघताय?"

"याची कड जाड आहे," नरेंद्रराव म्हणाले. "रिव्हॉल्व्हरचा घोडा या कडेवर बसतो. कड सारखी नसेल तर ठिणगी सारखी नाही. ठिणगी सारखी नाही तर..." शब्द सापडला नाही. त्यांनी डावा हात खालीवर हलवला.

"तर गोळी कुठेही जाईल."

"कुठेही नाही. वर नाहीतर खाली."

विनीता खुर्ची ओढून बसली. मग तिने नियम सांगितले. हे घरात येणार नाही, फक्त डेकवर. संध्याकाळी पाचला सगळं त्या अंकलकडे परत. आणि श्रीरामला ती स्वतः सांगेल, कारण आईंनी सांगितलं तर तो आधी ओरडेल आणि मग ऐकेल.

"आणि तू सांगितलंस तर?"

"तर आधी ऐकेल. मग ओरडेल."

दुसऱ्या दिवशी नरेंद्ररावांनी डाव्या हाताने, वेड्यावाकड्या रेघांत, एक चित्र काढलं: पोलादाची पट्टी, तिला काडतुसाच्या मापाचं भोक. काडतूस भोकात सोडलं की कडेवर अडकतं. मग पट्टीच्या वर आलेली कड मापायची. प्रतिमाबाई ते चित्र घेऊन झाडीपलीकडे गेल्या. वेंडेलने कागद उलटा धरला, सुलटा धरला, आणि काही न विचारता गॅरेजमध्ये शिरला. मागाच्या माणसाला चित्र वाचायला भाषा लागत नाही. तासाभराने पट्टी तयार होती, कडा कानशीने गुळगुळीत केलेल्या, वर मापायला एक जुना मायक्रोमीटर.

अडचण वेगळीच निघाली. कारखान्याच्या रीतीप्रमाणे गेज, म्हणजे ती मापाची पट्टी, डाव्या हातात आणि काडतूस उजव्या. नरेंद्ररावांनी एकदा उलट करून पाहिलं. दोन काडतुसं मापली आणि पट्टी खाली ठेवली.

"अहो, डाव्यानेच करा ना. इथे कोण बघतंय?"

"तपासणी अशी नसते," ते म्हणाले.

मग त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून टेबलावर आणला. अंगठा आणि तर्जनी काडतुसाजवळ नेली. काडतूस निसटलं, घरंगळत फळ्यांच्या फटीतून खाली गवतात गेलं. दुसरं गेलं. तिसरं. त्या दिवशी प्रतिमाबाईंनी डेकखाली रांगत जाऊन एकोणीस काडतुसं वेचली, केसांत कोळिष्टकं घेऊन वर आल्या आणि विसावं त्यांच्या समोर ठेवलं. विसावं भोकात पडलं.

विनीताचा बारा खळग्यांचा मफिनचा ट्रे निवडायला कामी आला. महिनाअखेरीस ते रोज शंभर काडतुसं मापत होते. थेरपीवाली मुलगी विनीताला म्हणाली, घरी तुम्ही जे काही करता आहात ते थांबवू नका. विनीताने तिला ते काय आहे हे सांगितलं नाही.

पाचला प्रतिमाबाई निवडलेली काडतुसं चार कॉफीच्या डब्यांत घालून वेंडेलकडे पोचवत. अव्वल, बरी, कामचलाऊ, रिजेक्ट. वेंडेल दारात उभा राहून डबे घेई आणि रोज तेच विचारी, "इन्स्पेक्टर आज खूश की नाराज?" प्रतिमाबाई म्हणत, "नाराज. माल वाईट आहे म्हणतात." त्यावर तो समाधानाने मान हलवी. मग पाच मिनिटं गप्पा होत. लोरीन टोमॅटोचं लोणचं घालायची. तुमच्याकडे कशाकशाचं घालतात? प्रतिमाबाई सांगत गेल्या तर त्याला ती यादी संपेचना.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एकदा डबे देऊन परत आल्यावर लक्षात आलं, चष्मा तिकडेच राहिला. त्या तशाच मागे फिरल्या. गॅरेजचं दार अर्धं वर होतं, आत दिवा होता. हाक मारणार, तेवढ्यात त्यांना वेंडेल दिसला. टेबलाशी उभा राहून तो चारही डबे एकापाठोपाठ एक मोठ्या खोक्यात ओतत होता. ओतून झाल्यावर त्याने खोक्यात हात घातला आणि तळापासून वर, चिवडा कालवावा तसं सगळं कालवलं. अव्वल आणि रिजेक्ट एक झालं. मग झाकण लावून त्यावर नवी टेप चिकटवली.

प्रतिमाबाई पावलांचा आवाज न करता झाडीत परतल्या. चष्म्यावाचून वाट नीट दिसत नव्हती. एका ओंडक्यावर त्या थोडा वेळ बसल्या.

एकटा म्हातारा दिवसाकाठी शंभर गोळ्या कशा झाडेल, हा हिशेब त्यांच्या डोक्यात कधी आलाच नव्हता. आठवड्यातून दोन-तीनदा तो चाळीस-पन्नास झाडत असेल. बाकी खोकं तेच होतं. तेच खोकं सोमवारी नवीन होऊन येत होतं. आधी त्यांना कसंसंच झालं. नवऱ्याची कुणीतरी गंमत करावी तसं. मग वेंडेलचा तो कालवणारा हात पुन्हा डोळ्यांसमोर आला. गंमत करणारा माणूस इतकं मन लावून कालवत नाही.

पण भीती बसली ती बसलीच. नरेंद्ररावांना खोट्या कामाचा मनस्वी राग. कारखान्यात एकदा साहेबाने वेळ काढायला तोच माल पुन्हा तपासायला दिला, तर दोन दिवस रजा टाकून घरी बसले होते. त्यांना कळलं तर हात पुन्हा मांडीवर जाऊन बसेल, आणि आता दोन महिनेच उरले होते. त्या दिवसापासून नवं खोकं फोडताना प्रतिमाबाई उगाच बोलत राहू लागल्या. भाजीचं, हवेचं, श्रीरामच्या प्रोजेक्टचं. नरेंद्रराव ऐकत आणि मापत.

खंडेनवमीला नरेंद्ररावांनी सकाळीच दाढी केली. उजव्या हाताने. हनुवटीवर एक छोटा काप आला.

"गेजची पूजा करायची," ते म्हणाले. "तिथेच जाऊन. ज्याने केलं त्याच्यासमोर."

विनीताने त्या दिवशी एक मीटिंग कॅन्सल केली. तिघं झाडीतून पलीकडे गेली. वेंडेलने कुरणात आणून ठेवलेल्या बाकावर वर्तमानपत्र पसरून पट्टी ठेवली, मायक्रोमीटर ठेवला, रिकामं रिव्हॉल्व्हर ठेवलं. प्रतिमाबाईंनी हळदकुंकू वाहिलं, विनीताने ग्रोसरीतून आणलेली पिवळी फुलं. वेंडेल टोपी छातीशी धरून उभा होता.

"माझा नेम लागावा म्हणून का?" त्याने हळूच विचारलं.

"नाही," नरेंद्रराव इंग्रजीत म्हणाले. "आमचं माप चुकू नये म्हणून."

वेंडेलने टोपी डोक्यावर ठेवली. मग रिव्हॉल्व्हर उचलून त्यांच्यापुढे धरलं.

"तुम्ही मारा, इन्स्पेक्टर."

"मी कधी मारलेली नाही."

"चौतीस वर्षांत?"

"माझं काम आधी संपायचं."

विनीताने प्रतिमाबाईंचं मनगट धरलं. वेंडेलने बाकावर घोंगडी गुंडाळून ठेवली, सगळ्यांना कानात घालायला बोळे दिले. नरेंद्ररावांनी बरोबर आणलेल्या अव्वलच्या डब्यातून सहा काडतुसं उचलली. एकेक करून रिव्हॉल्व्हरच्या बाजूच्या छोट्या खिडकीतून चक्रात सरकवली. प्रतिमाबाई मनात मोजत होत्या. एकही पडलं नाही.

घोडा दर वेळी अंगठ्याने मागे ओढावा लागे. नरेंद्ररावांचा अंगठा त्यावर बसला आणि निसटला. पुन्हा बसला, निसटला. वेंडेलचा हात मदतीला पुढे आला, अर्ध्यावर थांबला आणि खिशात गेला. तिसऱ्यांदा घोडा मागे आला.

पहिली गोळी तबकडीच्या बरीच खाली गेली. दुसरी डावीकडे. लाल माती उडली.

"माझी चूक," नरेंद्रराव म्हणाले. "गोळी बरोबर होती."

"मुळाच्या वर धरा. बोटभर वर," वेंडेल म्हणाला.

तिसरी कुठे गेली कळलं नाही. चौथी झाडली आणि काहीच झालं नाही असं वाटलं. मग, त्या कुरणाएवढं अंतर चालून आल्यासारखा, टण् असा आवाज आला. तबकडी साखळीवर जरा हलली.

विनीता दुसरीकडे पाहू लागली. नरेंद्ररावांनी रिव्हॉल्व्हर बाकावर ठेवलं, नळी बांधाकडे करून.

"दोन शिल्लक आहेत," वेंडेल म्हणाला.

"त्या तुमच्या."

परतताना विनीता फोनवर श्रीरामशी बोलत पुढे गेली. प्रतिमाबाईंच्या हातात पूजेचं ताट होतं, शिवाय वेंडेलने दिलेलं सोमवारचं खोकं.

"आजची काडतुसं चांगली निघाली," काहीतरी बोलायचं म्हणून त्या म्हणाल्या.

"निघणारच. चार वेळा माझ्या हातून गेलीयत."

प्रतिमाबाईंचा पाय अडखळला. नरेंद्रराव चालतच होते.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"अगं, नव्या काडतुसाच्या शिशावर मेणाचा हात असतो. ही बोटं लागून लागून चकचकीत झालीयत. दुसऱ्या खेपेलाच दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

नरेंद्रराव थांबले. मागे, झाडीच्या फटीतून, कुरण दिसत होतं. वेंडेल घोंगडीची घडी घालत होता. ती नीट बसेना म्हणून त्याने पुन्हा उलगडली.

"संध्याकाळी पाचला त्याच्याकडे दुसरं कोण जातं?" ते म्हणाले. मग हात पुढे केला, उजवा. "दे ते खोकं. पडणार नाही."

वेंडेलने पुढल्या वर्षीच्या वसंतापर्यंत ते खोकं कालवलं. चार-पाच महिने पाचला नरेंद्रराव स्वतःच जात. दोघं गॅरेजमध्ये बसून काय बोलत ते प्रतिमाबाईंना कधी कळलं नाही, कारण दोघांचंही बोलणं थोडं. २००६मध्ये वेंडेलने जमीन विकली आणि तो मुलीकडे चॅटनुगाला गेला. तिथे त्याला बागेपुरतीही जागा नव्हती, पण शेजारी बोलके होते, असं त्याने कळवलं. २००८च्या फेब्रुवारीत तो झोपेतच गेला. बातमी देणारं मुलीचं पत्र प्रतिमाबाईंनी जपून ठेवलंय.

कुरणावर आता घरं आहेत, श्रीरामच्या घरासारखीच. श्रीरामने त्या वेळी आधी ओरडून घेतलं की आधी ऐकलं, यावर त्याचं आणि विनीताचं अजून एकमत नाही. विनीता पुढे मॅनेजर झाली. थेरपीच्या त्या महिन्यांत तिने ऑफिसात किती वेळा काय काय थापा मारून वेळ काढला हे तिने सासूला फार नंतर सांगितलं, आणि तेही हसत. प्रतिमाबाईंनी तेव्हा तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आभार मानायची त्यांच्या घरात रीत नव्हती.

२००७च्या हिवाळ्याच्या तोंडावर दोघं पुण्याला परतली. नोव्हेंबरात नरेंद्रराव हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेले. प्रतिमाबाईंनी अंगठ्याच्या ठशाची चौकशी आधीच करून ठेवली होती, पण ते त्यांना सांगितलं नव्हतं. काउंटरवरच्या मुलीने अर्ज पुढे सरकवला. नरेंद्ररावांनी पेन उजव्या हातात घेतलं, पूर्ण नाव लिहिलं, खाली रेघ ओढली. मुलीने सही जुन्या सहीशेजारी धरून पाहिली, शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक दिली.